ताई, मी युगांडाला जाऊ का?

वाचकाचं पत्र

ताई, मी 26 वर्षांची आहे. बी.फार्म. झालंय. तासगावजवळचं गाव आमचं. गेली तीन वर्षं सांगलीत औषधांच्या एका होलसेल गोडाऊनमध्ये काम करते. मध्यंतरी एक जाहिरात पाहिली. युगांडात मसाका भागात, एड्सनं आईवडील गेलेल्या मुलांच्या बालगृहात चार आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचं. मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं, त्यांना प्रेम द्यायचं, असं लिहिलंय. फी 1 लाख 85 हजार, विमानाचं भाडं वेगळं. तेवढे पैसे मी साठवलेत. माझा थोरला मामा ट्रकवर होता. 2002 साली याच आजारानं गेला. मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. मामी माहेरी गेली ती परत आली नाही, मामेभावाला आजीनंच वाढवलं. मला फार वाटतं की कुणासाठी तरी काहीतरी करावं. पण आई म्हणते, “नको त्या देशात जाऊन नको तो रोग घेऊन येशील.” मी काय करू?

उत्तर

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा युगांडासाठी आणि दुसऱ्यांदा तुझ्या मामासाठी. आधी युगांडाचं बोलते.

या जाहिरातीतून जाऊ नकोस. आगाऊ रक्कम भरली नसशील तर भरू नकोस. आफ्रिकेला जाऊच नको असं मात्र मी म्हणत नाहीये, ते खाली सांगते.

मी पेशानं नर्स. मसाका शहरापासून तासाभराच्या कच्च्या रस्त्यावर एका आरोग्य केंद्रात मी 14 महिने राहिले. पण त्याआधीचे सहा आठवडे मी अशाच एका बालगृहात काढले होते, फी भरून. तिथे एक मुलगा होता, चारेक वर्षांचा, कपाळावर टाक्यांची खूण. मी पोचले त्या दिवशी तो पळत आला, माझ्या गुडघ्यांना मिठी मारली आणि कडेवर चढला तो जेवायच्या वेळेपर्यंत उतरलाच नाही. मी भरून पावले. लेकराला माझा किती लळा लागलाय, असं घरी पत्रातही लिहिलं. मी निघायच्या आदल्या दिवशी स्वयंसेवकांची पुढची तुकडी आली. गाडीचं दार उघडलं, आणि तो तसाच पळत गेला, त्याच वेगानं, आणि एका अनोळखी मुलीच्या गुडघ्यांना त्यानं तश्शीच मिठी मारली. मी चार पावलांवर उभी होते. त्यानं वळून पाहिलं नाही.

ते दृश्य मी आजही विसरू शकलेले नाही. लळा वगैरे काही नव्हता. माणसं महिन्या-दीड महिन्यानं बदलतात, म्हणून जे येईल त्याला लगेच धरायचं, एवढं ते पोर शिकलं होतं. आणि त्याला ते शिकवणाऱ्यांत मीही एक होते.

हे माझ्या एकटीचं मत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधक लिंडा रिश्टर आणि त्यांच्या सहकारी एमी नॉर्मन यांनी 2010 मध्येच या प्रकाराला ‘एड्स-अनाथांचं पर्यटन’ असं नाव देऊन त्यानं लहान मुलांचं काय होतं ते मांडलं होतं. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मुलांच्या हक्कांवर ठराव केला, त्यातही अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीचा उल्लेख आहे. शिवाय ‘अनाथ’ हा शब्द नीट तपासून घे. युनिसेफच्या मोजणीत आई किंवा वडील यांपैकी एक जण गेला तरी मूल अनाथांत धरलं जातं. म्हणजे तुझा मामेभाऊही त्या आकड्यात बसतो, आणि तो वाढला मात्र आजीच्या घरात. तिकडेही तसंच आहे. खेड्यापाड्यांत अशी बहुसंख्य मुलं आजीकडे, मावशी-काकांकडे वाढतात. लुगांडा भाषेत आजीला ‘ज्जाज्जा’ म्हणतात. बाहेरून पैसा येतो तो बालगृहाला, आजीला नाही. मग गरीब आजी नातवाला बालगृहात ठेवते, तिथे निदान शाळा आणि दोन वेळचं जेवण मिळेल म्हणून. आपण भरलेल्या फीमधून हे चाक फिरत राहतं. माझ्या फीनंही फिरलं.

आता तू ज्या भागाचं नाव घेतलंस त्याबद्दल थोडं सांगते, कारण तिथली माणसं आपल्याला जाहिरातीतल्या फोटोंइतकीच ठाऊक असतात.

मसाकाच्या दक्षिणेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी कासेन्सेरो नावाचं मासेमारांचं गाव आहे. युगांडातला हा आजार पहिल्यांदा लक्षात आला तो 1982 मध्ये, तिथेच. माणूस झिजून झिजून जायचा म्हणून लोक त्याला ‘स्लिम’ म्हणायचे, त्याचंच पुढे लुगांडात ‘सिलिमू’ झालं. गावंच्या गावं तरणी माणसं गमावून बसली. आणि त्या काळात, औषध नव्हतं तेव्हा, बाहेरून कुणी यायच्या आधी तिथल्याच माणसांनी काम उभं केलं. नोरीन कालीबा यांचे पती 1987 मध्ये एड्सनं गेले. त्याच वर्षी त्यांनी मोजकी माणसं बरोबर घेऊन ‘टासो’ ही संस्था काढली. रुग्णाच्या घरी जायचं, त्याच्याजवळ बसायचं, त्याला आंघोळ घालायची, मुलांचं पुढे काय करायचं ते त्याच्याशीच बोलायचं. सुरुवातीच्या त्या माणसांतले कितीतरी स्वतः आजारी होते. 1989 मध्ये फिली लुताया या लोकप्रिय गायकानं ‘मला एड्स आहे’ असं जाहीर सांगितलं, शाळांतून, चर्चमधून बोलत फिरला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात गेला. 1992च्या सुमाराला तिथे प्रौढांमधलं लागणीचं प्रमाण सुमारे 18 टक्के सांगितलं जायचं, आज ते पाच टक्क्यांच्या आसपास आहे. यात औषधांचा आणि परदेशी पैशांचा वाटा मोठा आहेच. पण तिथल्या बायाबापड्यांना या आजाराबद्दल जे माहीत आहे, ते तुला-मला कधीच माहीत होणार नाही. म्हणून तिथे ‘प्रेम द्यायला’ जायची कल्पनाच मला आता खुपते.

मग तू काय देऊ शकतेस? तुझ्या पत्रात तू एका ओळीत उरकलंयस ते. होलसेल गोडाऊनमध्ये तीन वर्षं. अगं, तिकडे माणसं शोधत असतात ती हीच!

आमच्या केंद्रात गुरुवार हा गोळ्या न्यायचा दिवस. सकाळी सहापासून बाया येऊन बाकांवर बसायच्या, काही पाच-सहा मैल चालत. एक ज्जाज्जा यायच्या, स्वतःच्या आणि नातीच्या अशा दोघींच्या गोळ्या न्यायला. बाटली हातात मिळाली की त्या पदराआड, म्हणजे त्यांच्या गोमेसीच्या, तिकडच्या बायकांच्या पायघोळ झग्याच्या घेरात, झाकण उघडायच्या आणि सगळ्या गोळ्या कापडाच्या एका पुरचुंडीत ओतून घ्यायच्या. रिकामी बाटली आमच्या टेबलावर ठेवून निघून जायच्या. पहिले दोन महिने मी दर वेळी रागावले. ओल लागेल, गोळ्या खराब होतील, बाटलीत ती शोषकाची पुडी उगाच का घालतात, वगैरे. त्या हसून ‘वेबाले’ म्हणायच्या, म्हणजे आभारी आहे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. शेवटी आमच्या केंद्रात काम करणाऱ्या एका बाईनं मला बाजूला घेतलं. ती स्वतः बारा वर्षं औषधावर होती. अशा अनुभवी रुग्णांना तिकडे केंद्रांमध्ये मुद्दाम कामाला घेतात. तिनं त्यातली एक भरलेली बाटली उचलली आणि माझ्या कानाशी हलवली. खुळखुळ, खुळखुळ. म्हणाली, टॅक्सीत चौदा माणसं बसतात. हा आवाज सगळ्यांना ओळखता येतो.

मग तिनंच उपाय सांगितला. बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा घट्ट बसवायचा. ज्जाज्जांनी बाटली कानाशी नेऊन हलवली, पुन्हा हलवली, आणि पिशवीत टाकली. हे मला 14 महिने राहिल्यामुळे कळलं. चार आठवड्यांत मी फक्त रागावून परत आले असते.

त्या बाटल्यांवर कुठल्या कंपन्यांची नावं असतात हे तुला सांगायला नको. गरीब देशांतली एचआयव्हीची बहुतेक औषधं भारतात तयार होतात. 2001च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्र उपचार, सेवाभावी डॉक्टरांच्या एमएसएफ संस्थेला, माणशी वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी. त्याआधी हेच वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरात होतं. तिथून आफ्रिकेतलं चित्र पालटायला सुरुवात झाली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत हे औषध फुकट मिळू लागलं ते 1 एप्रिल 2004 पासून, तेही सुरुवातीला मोजक्या आठ रुग्णालयांत. तुझा मामा 2002 मध्ये गेला. हे लिहिताना माझा हात थांबला होता.

औषध कारखान्यात तयार होणं वेगळं आणि ते शेवटच्या गावात, ठरलेल्या गुरुवारी, मुदत शिल्लक असताना हातात पडणं वेगळं. युगांडात सरकारी केंद्रांना नॅशनल मेडिकल स्टोअर्सकडून साधारण दर दोन महिन्यांनी माल येतो, चर्चच्या दवाखान्यांना जॉइंट मेडिकल स्टोअरमधून. मागणी आधी कळवावी लागते. ती चुकली की पुढचे दोन महिने बोंब. मी होते तेव्हा लहान मुलांच्या औषधाची खोकी स्टोअरच्या मागच्या भिंतीला लागून राहिली, पुढे नवा माल रचला गेला, आणि मागच्याची मुदत संपली. त्याच महिन्यात शेजारच्या केंद्रातून आया रिकाम्या हातानं परत गेल्या. दोष कुणा एकाचा नव्हता. स्टोअर सांभाळणारी मुलगी हुशार होती, पण तिला हे काम कुणी कधी शिकवलंच नव्हतं. ज्याची एक्स्पायरी आधी त्याची निकासी आधी, बॅचनिहाय स्टॉक कार्ड, महिन्याचा सरासरी खप काढून मागणी, हे तू झोपेतही करत असशील. तिला ते शिकवायला कुणी सहा महिने शेजारी बसलं असतं, तर ती मुलगी आज आणखी दहा जणींना शिकवत असती.

म्हणून जायचं तर असं जा. जिथल्या लोकांनी हे काम शिकवणारं माणूस मागितलंय तिथे, निदान सहा महिने, आणि मागे शिकलेलं माणूस ठेवून यायचं. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे, यूएनव्ही. त्यात फी भरावी लागत नाही, उलट राहण्या-खाण्याचा भत्ता मिळतो. एमएसएफही औषधनिर्माते घेतं, कामाचा अनुभव पाहून. व्हीएसओ ही जुनी संस्थाही अनुभवी व्यावसायिकांनाच पाठवते. निवड कठीण असते, एका वर्षात होईलच असं नाही. होईपर्यंत यूएनव्हीचं ऑनलाइन काम घरबसल्या करता येतं. आणि एक लक्षात ठेव, तिथे औषधनिर्माती म्हणून नोंदणी झाल्याशिवाय तुला रुग्णाच्या हातात औषध देता येणार नाही, जसं तिकडच्या माणसाला इथे येणार नाही. टुरिस्ट व्हिसावर काम करणंही बेकायदा, मग ते बिनपगारी का असेना. जी संस्था ‘टुरिस्ट व्हिसावर या, काही होत नाही’ म्हणते, तिचा नाद तिथेच सोड.

2025 मध्ये आणखी एक गोष्ट झाली आहे, ती तुझ्या जाहिरातीत अर्थातच नाही. जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली आणि 1 जुलैला त्यांची यूएसएड ही संस्थाच बंद झाली. युगांडातल्या एचआयव्ही कामाचा मोठा भार अमेरिकेच्या पैशांवर होता. समुपदेशक, घरोघरी जाणारे कार्यकर्ते, आमच्या त्या बाईसारख्या अनुभवी रुग्ण-मदतनीस, किती जणांचे पगार एका रात्रीत थांबले. म्हणजे शिकलेली, भाषा येणारी, गावात सगळे ओळखतात अशी माणसं आज घरी बसून आहेत. त्यांच्या जागी फुकट काम करायला मी फी भरून जाणं मला तरी बरोबर वाटत नाही. तुझे 1 लाख 85 हजार कुठे द्यायचेच असतील, तर गावातल्या गावात आजींना आधार देणारी, तिथल्याच लोकांनी चालवलेली संस्था शोध आणि तिला सरळ विचार, एका कार्यकर्तीचा वर्षाचा पगार किती? उत्तर ऐकून तुझं तूच ठरवशील.

जाण्याआधी वर्षभर इथे काम कर. जिल्ह्याच्या सिव्हिलमधल्या एआरटी केंद्राला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राला, जोडलेलं ‘विहान’ या कार्यक्रमाचं रुग्णांसाठीचं काळजी व आधार केंद्र आहे का ते विचार, आणि आठवड्यातून एक दिवस जा. तुझ्या सांगलीतच मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ या संस्थेनं 1992 पासून काम केलंय, आणि तिथे गोकुळनगरच्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनी स्वतः निरोध वाटले, स्वतः एकमेकींना दवाखान्यात नेलं. त्या बायकांसमोर बसून ऐकलंस तर मसाकाच्या बाया तुला अनोळखी वाटणार नाहीत.

लुगांडाही थोडी शीक. या विषाणूला तिकडे ‘आकावुका’ म्हणतात, म्हणजे छोटासा किडा. गोऱ्यांना म्हणतात ‘मुझुंगू’ आणि आपल्याला ‘मुयिंदी’. मुयिंदी म्हणजे दुकानदार, हे तिकडे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. 1972 मध्ये इदी अमीननं 90 दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना हाकललं, मग पुढे काही परतले. मसाकात तू रस्त्यानं चाललीस की हा सगळा इतिहास तुझ्या मागून चालेल. लोक मायाळू आहेत, पण आधी विचारतील, तुझं दुकान कुठंय? चपाती मात्र तिकडे नाक्यानाक्यावर मिळते, त्याच नावानं. अंड्याचं ऑम्लेट गुंडाळून देतात.

आता आईचं.

एचआयव्ही कुणाच्या शेजारी बसून, जेवून, पोराला कडेवर घेऊन होत नाही, हे तुला शिकवायची गरज नाही. जो माणूस रोज गोळ्या घेतो आणि ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीत दिसेनासा झालाय, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. दवाखान्यात सुई टोचलीच, तर 72 तासांच्या आत औषध सुरू करायचं, जितकं लवकर तितकं बरं, आणि 28 दिवस घ्यायचं. आईला हे सगळं सांग. तिकडे खरी काळजी घ्यायची ती मलेरियाची आणि बोडाबोडाची, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलींची. हेल्मेटशिवाय बसायचं नाही. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. तिचं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

पण हे सगळं सांगूनही आईची भीती जाणार नाही, असं मला वाटतं. तुझ्या आईनं 2002 मध्ये भाऊ गमावला. आपल्याकडे त्या वर्षांत या आजारानं गेलेल्या माणसाच्या घरी काय काय झालं ते मी नर्स म्हणून पाहिलंय. ताट वेगळं, अंथरूण जाळलेलं, खांदा द्यायला चार माणसं जमेनात. गावाला ‘कावीळ झाली होती’ म्हणून सांगायचं. तुझ्या घरी काय झालं मला माहीत नाही. पण गेली तेवीस वर्षं कुणी त्याचं नाव काढत नाही, असं तू लिहिलंयस. ‘नको तो रोग’ म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे युगांडा नसणार.

आणि तुझ्याही नसावा, हे जरा धीर करून लिहिते. मामासाठी जे करता आलं नाही ते तुला कुठेतरी जाऊन करायचंय. त्यात वाईट काही नाही, माझ्यासकट कितीतरी जण अशाच कशानं तरी निघालेले असतात. फक्त त्यासाठी मसाकाच्या लेकरांना मामाच्या जागी बसवू नकोस.

आजी आहेत का गं अजून? तू लिहिलं नाहीस. असतील तर एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बस, मामेभाऊ घरी असेल तर त्यालाही बोलाव. मामा कुठल्या रूटवर ट्रक चालवायचा, काय आवडीनं खायचा, शेवटी शेवटी त्याचं कोण करत होतं, एवढंच विचार. आई आतल्या खोलीतून ऐकेल. ती बाहेर येऊन बसली तर बसू दे, नाही आली तरी दार लोटू नकोस. मग मला पत्र लिही, युगांडाचं पुढे काय करायचं ते बोलू.

— ताई